दिल्लीतली कुंडी आणि टोकियोतला गॅरेजचा दाखला

जपानला जाऊन आलेला आपला कुठलाही माणूस परत आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य टाकतोच, "काय शिस्त आहे हो त्यांच्याकडे!" आणि त्याच्या शेपटीला दुसरं, "आपल्या लोकांच्या रक्तातच नाही ते." मी पण टाकलंय, खोटं कशाला बोलू. पण झालं काय की मी आधी दिल्लीत सात वर्षं काढली आणि मग नोकरीमुळे टोकियोत चार, आणि टोकियोतल्या दुसऱ्या वर्षापासूनच हे रक्ताचं वाक्य घशात अडकायला लागलं. रक्ताबिक्तात काही नसतं असं माझं मत झालंय. एखाद्या गोष्टीचं लोढणं कोणाच्या गळ्यात बांधलंय, खरा फरक तिथं असतो. दोन्ही राजधान्या, दोन्हीकडे कोटीच्या वर माणसं, आणि तरी सकाळी दार उघडून बाहेर पडलं की दोन वेगळ्या ग्रहांवर आल्यासारखं का वाटतं ते याच अंगानं सांगून बघतो.

गाडीपासून सुरुवात करतो, कारण मला हे कळलं ते गाडीमुळेच.

दिल्लीत आम्ही डीडीएच्या, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाच्या, फ्लॅटमध्ये भाड्यानं राहायचो, पूर्व दिल्लीत. या कॉलन्या बांधल्या तेव्हा मध्यमवर्गीय माणसाकडे स्कूटर असायची, त्यामुळे खाली स्कूटरची गॅरेजं आहेत, गाडीचा कोणी विचारच केलेला नाही. मग नव्वदीनंतर गाड्या आल्या, एकेका घरात दोन दोन, आणि त्या सगळ्या रस्त्यावर. खालच्या मजल्यावर एक अंकल होते, त्यांनी पेंटच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून मधोमध लोखंडी पाईप रोवला होता, आणि शेजारी एक भलीमोठी कुंडी. सकाळी नऊला गाडी निघाली की अंकल डबा आणि कुंडी सरकवून जागा अडवणार, संध्याकाळी गाडी आली की परत बाजूला. रस्ता सरकारी, जागा अंकलची. कोणी चुकून तिथं गाडी लावली तर आधी हॉर्न, मग आरडाओरडा, मग टायरची हवा, आणि पार्किंगवरून खून झाल्याच्या बातम्या दिल्लीच्या पेपरात येतात त्या काही उगाच येत नाहीत.

आता टोकियो. तिथं गाडी घ्यायची तर आधी पोलीस स्टेशनात जाऊन एक दाखला काढावा लागतो, त्याला शाको शोमेई म्हणतात, म्हणजे गॅरेजचा दाखला. फॉर्मबरोबर एक नकाशा द्यायचा, हातानं काढला तरी चालतो, त्यात तुमचं घर कुठं, पार्किंगची जागा कुठं, दोन्हींत अंतर किती (दोन किलोमीटरच्या आत हवं), जागेची लांबी-रुंदी किती, समोरचा रस्ता किती रुंद. जागा भाड्याची असेल तर मालकाचं संमतीपत्र. पोलीस तपासून घेतात, काही दिवसांनी दाखला मिळतो, आणि तो नसेल तर गाडीची नोंदणीच होत नाही (अगदी छोट्या, पिवळ्या पाटीच्या गाड्यांना थोडी सवलत आहे, पण जागा त्यांनाही दाखवावी लागतेच). याच कायद्यात आणखी एक कलम, रात्री रस्त्यावर एका जागी आठ तासांपेक्षा जास्त गाडी उभी ठेवायची नाही. कायदा १९६२ चा. म्हणजे बघा, जपान्यांच्या घरोघरी गाड्या यायच्या आधीच त्यांनी ठरवून टाकलं की गाडी तुझी तर तिची झोपायची जागा पण तुझीच जबाबदारी, रस्त्याची नाही.

या एका कागदामुळे काय काय होतं ते गल्लीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. चार मीटरची गल्ली, आपल्याकडची असती तर दोन्ही बाजूंनी गाड्या लागून मधून स्कूटी पण जाईना, तिथं रिकामी. म्हणून पहिलीतली पोरं पिवळ्या टोप्या घालून एकटी शाळेत चालत जातात, म्हणून फायर ब्रिगेडची गाडी आत शिरते, म्हणून म्हाताऱ्या बायका सायकलवर भाजी आणतात. माझा एक कलीग पार्किंगला महिन्याला २८ हजार येन मोजायचा, म्हणजे पंधरा-सोळा हजार रुपये नुसते गाडी उभी करायचे, आणि शेवटी वैतागून त्यानं गाडी विकूनच टाकली. यात शिस्त कुठं आली सांगा, हा सरळ हिशोब आहे. दिल्लीतल्या अंकलना महिन्याला सोळा हजार भरायला लावा, कुंडी दुसऱ्या दिवशी गायब होईल. २०२५ मध्ये महाराष्ट्रातही पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी करायची नाही अशी चर्चा निघाली होती, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर लोक असे चवताळले की विचारू नका.

बरं, कचरा. हा माझा लाडका विषय आहे, जरा लांबण लागेल.

टोकियोत गेल्यावर महिन्याभरातच माझी अब्रू गेली ती कचऱ्यावरून. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, रिसायकलचा एकदा, न जळणारा महिन्यातून एकदा-दोनदा, प्रत्येकाचा वार ठरलेला, आणि पिशवी पारदर्शक किंवा निमपारदर्शक लागते. मी एका सकाळी जळणाऱ्या कचऱ्यात डासांच्या स्प्रेचा रिकामा डबा टाकला, कोपऱ्यावर कावळ्यांसाठी निळी जाळी असते तिच्याखाली पिशवी सरकवली आणि ऑफिसला पळालो. संध्याकाळी येऊन बघतो तर बाकी सगळा कोपरा स्वच्छ आणि माझी एकटी पिशवी तिथं, वर स्टिकर चिकटवलेला, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखी. समोरच्या घरातल्या आजी झाडांना पाणी घालत होत्या, त्यांनी पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हसल्या, आणि बोटानं तो डबा दाखवला. पिशवी पारदर्शक का लागते ते तेव्हा कळलं. एवढी लाज मला दहावीच्या निकालाला पण वाटली नव्हती.

मोठं काही टाकायचं, टेबल वगैरे, तर फोन करून तारीख घ्यायची, दुकानातून २०० किंवा ३०० येनची कुपनं विकत घेऊन टेबलावर चिकटवायची आणि त्या सकाळी बाहेर ठेवायचं. फ्रीज, टीव्ही, एसी, वॉशिंग मशीन यांना वेगळा कायदा आहे, २००१ पासून, त्यात टाकणारा माणूस रिसायकलिंगचे पैसे भरतो. माझ्या बायकोला हे काही केल्या पचेना, कारण दिल्लीत आम्ही बंद पडलेला फ्रीज कबाडीवाल्याला दिला तेव्हा त्यानं वर आम्हालाच पैसे दिले होते. तिचं म्हणणं असं की दिल्ली जास्त पुढारलेली. आणि गंमत बाजूला ठेवली तर तिच्या बोलण्यात दम आहे. कारण दिल्लीत वर्गीकरण होत नाही असं नाहीच, बारकाईनं होतं, पेपर वेगळा, पुठ्ठा वेगळा, दुधाची पिशवी वेगळी, तांब्याची तार वेगळी. फक्त ते घरातला माणूस करत नाही, तो सगळं एकत्र कोंबून देतो आणि पुढं कचरा वेचणारी माणसं, त्यात बायका-पोरं पण आली, उघड्या हातांनी ते निवडतात. काम तेवढंच आहे, कोणाच्या अंगावर पडलं एवढाच फरक. टोकियोत ते माझ्या अंगावर पडलं, म्हणून मी शिस्तीचा झालो.

आणि जे उरतं ते गाझीपूरला जातं. आमच्या गच्चीवरून दिसायचं ते, नवीन माणसाला वाटायचं टेकडी आहे, वर कायम घारी फिरताना. १९८४ मध्ये तिथं कचरा टाकायला सुरुवात झाली, २००२ मध्येच ती जागा भरली असं ठरलं, तरी टाकणं चालूच, आणि २०१९ पर्यंत ढीग ६५ मीटरवर पोचला. कुतुबमिनार ७३ मीटर आहे. १ सप्टेंबर २०१७ ला पावसानंतर त्या ढिगाचा कडा कोसळला, खालच्या रस्त्यावरून जाणारी माणसं कालव्यात फेकली गेली, दोघं गेले.

आता कोणी म्हणेल बघा, जपानात असं होतं का. होतं ना! टोकियोच्या खाडीत भराव घालून केलेला एक भाग आहे, युमेनोशिमा, अर्थ स्वप्नांचं बेट, आणि त्या बेटावर अख्ख्या शहराचा कचरा पडायचा. १९६५ मध्ये तिथून माशांचे असे थवे उठले की त्याच बाजूच्या कोतो वॉर्डातल्या शाळांत पोरांना डबा खाता येईना, शेवटी ढिगाला आग लावून माशा मारायची वेळ आली. कोतोचे लोक वैतागले होते, शहरभराचा कचरा पाच पाच हजार ट्रकांतून रोज त्यांच्या दारावरून जायचा. आणि पश्चिमेकडच्या सुगिनामी वॉर्डातले बऱ्या घरचे लोक आपल्या भागात कचरा जाळायचा कारखाना होऊ देईनात, आमच्या इथं नको, तुमच्या तिथं करा, ओळखीचं वाटतंय ना? १९७१ मध्ये टोकियोचे निवडून आलेले प्रमुख, गव्हर्नर मिनोबे, यांनी तिथल्या विधानसभेत चक्क कचरायुद्ध जाहीर केलं. १९७३ मध्ये कोतोचे नेते आणि लोक रस्त्यावर उतरले आणि सुगिनामीचे ट्रक अडवून परत पाठवले, सुगिनामीत कचरा साठायला लागला, वास मारायला लागला, तेव्हा कुठं गाडं हललं. तत्त्व ठरलं की ज्या वॉर्डाचा कचरा त्यानं तो आपल्याच हद्दीत जाळायचा. सुगिनामीत कारखाना झाला. आज इकेबुकुरोसारख्या गजबजलेल्या स्टेशनजवळ २१० मीटर उंच चिमणीचा कारखाना आहे आणि त्याच्या उष्णतेवर शेजारचा पोहण्याचा तलाव गरम होतो, लोक मजेत डुंबतात. म्हणजे ज्या शिस्तीला आपण हजार वर्षांची संस्कृती समजतो ती माझ्या वडिलांच्या कॉलेजच्या दिवसांतली आहे, आणि ती भांडून आलीये.

दिल्लीत असं भांडण का होत नाही? होतं, पण भांडायचं कोणाशी तेच कळत नाही. समजा घरासमोर खड्डा पडलाय. रस्ता ६० फुटांपेक्षा रुंद असेल तर तो बहुतेक करून दिल्ली सरकारच्या पीडब्ल्यूडीचा, अरुंद असेल तर महानगरपालिकेचा, ल्युटन्सच्या, म्हणजे सरकारी बंगल्यांच्या भागात असाल तर एनडीएमसीचा, म्हणजे नवी दिल्लीच्या वेगळ्या पालिकेचा, छावणीत असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, आणि खड्डा पाईप फुटून पडला असेल तर जल बोर्डाकडे जा. जमीन डीडीएकडे, ती केंद्राची. पोलीस पण केंद्राचे, गृहमंत्रालयाखाली. म्हणजे दिल्लीचा मुख्यमंत्री निवडून येतो पण हवालदार त्याचं ऐकायला बांधील नाही, आणि कचऱ्याचा ढीग महापालिकेचा. ती महापालिका पण २०१२ मध्ये तीन तुकड्यांत कापली आणि २०२२ मध्ये परत शिवली. आमच्या कॉलनीतले आरडब्ल्यूएचे, म्हणजे रहिवासी संघाचे, प्रधान निवृत्त बँक मॅनेजर होते, त्यांच्याकडे अर्जांची एक जाडजूड फाईल होती, तिच्यात मी नाही, मी नाही, असं म्हणणारी सगळ्या खात्यांची उत्तरं नीट पंच करून लावलेली.

टोकियोत १९४३ मध्ये शहर आणि प्रांत एकत्र करून एकच सरकार केलं, वरती १९४७ पासून थेट निवडून येणारा गव्हर्नर, पाणी, बस, मोठे रस्ते त्याच्याकडे, पोलीसही त्याच सरकारच्या चौकटीत. खाली २३ वॉर्ड, पण वॉर्ड म्हणजे आपला नगरसेवकाचा वॉर्ड नव्हे, प्रत्येकाला स्वतःचा महापौर, स्वतःची सभा, आणि २००० सालापासून कचरा गोळा करणं त्यांच्याकडे. एदोगावा नावाच्या वॉर्डात निशि-कासाई म्हणून भाग आहे, तिथं भारतीय खूप, इडलीपासून सगळं मिळतं, आणि २०१९ मध्ये तिथल्या सभेवर आपले मराठी योगेंद्र पुराणिक निवडून आले, त्यांना तिकडं सगळे योगीच म्हणतात. जबाबदारी जवळ आणि एकाच्या गळ्यात असली की भांडण पण कामाला येतं.

पत्त्याचं मात्र दोन्ही शहरांत सारखंच आहे याचं मला फार आश्चर्य वाटलं. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता म्हणजे भाग, मग त्याचा उपभाग, मग चौकोन क्रमांक, मग घर. दिल्लीत पण तसंच की, पॉकेट बी, फेज टू, नंबर अमुक! आणि दोन्हीकडे डिलिव्हरीवाला चौकोनाला प्रदक्षिणा घालतो. फक्त दिल्लीत तो फोन करून म्हणतो "सर, मदर डेअरी के सामने खडा हूँ."

हवेचा विषय काढल्याशिवाय दिल्लीची गोष्ट पुरी होत नाही. नोव्हेंबरात सकाळी उठलं की घशात कोणीतरी कागद जाळल्यासारखं, समोरची बिल्डिंग दिसत नाही, मुलांच्या शाळा बंद, घरात प्युरिफायर घोंघावतोय आणि कामवाली ताई मात्र त्याच हवेतून सायकलवर आलेली. टोकियोतलं आकाश बघितलं, थंडीत सकाळी बाल्कनीतून फुजी दिसायचा लांबवर, तेव्हा मला वाटलं यांना हे फुकट मिळालंय. तर तेही नाही. १८ जुलै १९७० ला त्याच सुगिनामीतल्या एका शाळेच्या मैदानावर व्यायाम करणाऱ्या मुली डोळे चुरचुरून, श्वास लागून पडायला लागल्या, धूर आणि ऊन यांच्या रसायनानं. मग कारखान्यांवर, गाड्यांवर नियम आले. पुढे १९९९ मध्ये गव्हर्नर इशिहारा यांनी डिझेलची काजळी भरलेली बाटली पत्रकारांसमोर हलवून दाखवली आणि ऑक्टोबर २००३ पासून टोकियो आणि शेजारच्या तीन प्रांतांनी मिळून काळा धूर सोडणाऱ्या ट्रक-बसना बंदी केली. इथं शेजारच्या तिघांनी मिळून हे शब्द महत्त्वाचे.

आणि दिल्लीनं पण हे केलेलं आहे हो! सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्ये आदेश दिला आणि २००२ संपेपर्यंत दिल्लीच्या सगळ्या सिटी बस सीएनजीवर गेल्या, जगात तेव्हा एवढं मोठं काम फारसं कोणी केलं नव्हतं. तेव्हा काम कोणाचं, कधीपर्यंत, नाही केलं तर काय, हे स्पष्ट होतं. आताचा धूर पंजाब-हरियाणाच्या शेतातून, उत्तर प्रदेशच्या वीटभट्ट्यांतून, दिल्लीच्या गाड्यांतून, बांधकामाच्या धुळीतून, सगळीकडून येतो. त्याला एकत्र बघायला २०२१ च्या कायद्यानं एक आयोग आहे खरा, पण सरकारं वेगळी, पक्ष वेगळे आणि प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याकडे. त्यात दिल्लीला समुद्र नाही. टोकियोला खाडीवरून वारा मिळतो, दिल्लीत थंडीत गार हवा जमिनीलगत बसते आणि वरची कोमट हवा झाकणासारखी, मग सगळा धूर कुकरमध्ये कोंडल्यासारखा. निसर्गाचं माप पण सारखं नाहीये, एवढं दिल्लीच्या बाजूनं बोललंच पाहिजे.

पण माझ्या म्हणण्याचा सगळ्यात मोठा साक्षीदार दिल्लीतच आहे, तो म्हणजे मेट्रो. २४ डिसेंबर २००२ ला उद्घाटन होऊन शाहदरा ते तीस हजारी धावायला लागली, पैशाचा मोठा वाटा जपानच्या कर्जाचा. तर बाहेर भिंतीवर गुटखा थुंकणारा माणूस जिना उतरून आत जातो, बॅग स्कॅनरवर ठेवतो, आणि आत थुंकत नाही. रक्त तेच, दोन मिनिटांपूर्वीचंच. आत झाडायला माणूस आहे, बघायला कॅमेरा आहे, दंड आहे, आणि गाडी वेळेवर येते त्यामुळे मारामारी करून चढण्यात फारसा फायदा नाही (राजीव चौक सोडून, तिथं देव पण रांगेत उभा राहणार नाही). मात्र स्टेशनच्या बाहेर आलं की परत सगळं तेच. ई-रिक्षा चहूबाजूंनी, "अकेला सवारी, अकेला सवारी", फुटपाथ असेल तर त्यावर छोले-कुलचे, आणि घरापर्यंतचा शेवटचा एक किलोमीटर कोणाच्याच मालकीचा नाही. टोकियोत स्टेशन ते घर हाच सगळ्यात गोड भाग. स्टेशनाला लागून बाजारपेठ, तळलेल्या बटाट्याचे कोरोक्के, टोफूवाला, औषधाचं दुकान. कारण तिथं बऱ्याच रेल्वे कंपन्या खासगी आहेत आणि त्यांनी रुळाबरोबर आजूबाजूच्या जमिनी, घरं, मॉल असं सगळं उभं केलं, तिकिटाबरोबर दुकानाच्या भाड्यावर पण कंपनी चालते, मग स्टेशनाबाहेर घाण ठेवून त्यांनाच परवडत नाही. शिवाय नोकरदाराच्या पासाचे पैसे बहुतेक ऑफिसं देतात. आणि गाडी पाच मिनिटं लेट झाली तर स्टेशनवर छापील चिठ्ठी मिळते, उशीर आमच्यामुळे झाला अशी, ती ऑफिसात दाखवायची. मी एक चिठ्ठी जपून आणलीये, डोंबिवलीच्या मामाला दाखवली तर तो बराच वेळ काही बोललाच नाही.

टोकियो म्हणजे स्वर्ग असं मात्र कोणी समजू नका. घर भाड्यानं घेताना डिपॉझिट तर आहेच, वर रेइकिन म्हणून एक प्रकार, मालकाला आभाराचे पैसे, महिन्या-दोन महिन्याचं भाडं, परत मिळत नाही. कशाबद्दल आभार? त्यांनी आम्हाला घर दिलं म्हणून! आणि एजंट आमच्यासमोर फोन लावून हळू आवाजात विचारायचा, परदेशी चालतील का, आणि पलीकडून नाही आलं की वाकून सॉरी म्हणायचा. दिल्लीत ब्रोकरनं तोंडावर विचारलं होतं, "नॉनवेज तो नहीं बनाते?" अपमान तेवढाच, फक्त टोकियोत तो मऊ कापडात गुंडाळलेला. चार वर्षांत शेजारच्या दाराआड कोण राहतं ते मला कळलं नाही, आणि मला ताप आला तेव्हा दिल्लीतल्या अंकलनी, त्याच कुंडीवाल्या, खिचडीचा डबा आणून दिला होता तो मला टोकियोत फार आठवायचा.

मागच्या थंडीत कामानिमित्त दिल्लीला गेलो तर मुद्दाम कॉलनीत चक्कर टाकली. गाझीपूरचा ढीग तिथंच. अंकल थकलेत, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर गाडी सोडली. पण खाली बघतो तर डबा आणि कुंडी जागच्या जागी, कुंडीत आता तुळस लावलेली. म्हटलं, अंकल, गाडी तर नाही, मग जागा कोणासाठी? म्हणाले, बेट्याची आहे ना. बेटा बंगलोरला असतो, गाडी पण तिकडंच, वर्षातून एकदा दिवाळीला येतो.

"विमानानं," आंटी आतून म्हणाल्या.